कला महाविद्यालयांतील स्त्री-पुरुष समतोल व रूढ प्रतिमा

भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र इ. विषयांचे पदवी शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांत विद्यार्थी व विद्यार्थिनी यांचे परस्परप्रमाण, त्या प्रमाणामागील सामाजिक कारणे आणि विद्यार्थिवर्गाविषयी प्रचलित असलेल्या साचेबंद कल्पना यांचा विचार या विषयात अंतर्भूत होतो. ‘कला’ ही संज्ञा येथे विद्यापीठीय विद्याशाखा या अर्थाने घेतली आहे. चित्रकला, शिल्पकला यांसारख्या ललित कलांचे शिक्षण देणाऱ्या संस्थांचा विचार येथे केलेला नाही. पुणे शहर, विशेषतः स्वारगेटपासून टिळक रस्त्याने सदाशिव पेठेकडे जाणारा भाग व त्यालगतच्या पेठा, हे या विषयाच्या अभ्यासाचे एक प्रातिनिधिक क्षेत्र होय. स्त्रियांनी कोणते शिक्षण घ्यावे व ते पुरुषांबरोबर घ्यावे की वेगळे, हा वाद महाराष्ट्रात प्रामुख्याने याच शहरात झाला. आज कला शाखेत विद्यार्थिनींची संख्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीची किंवा त्याहून अधिक आढळते. तथापि ही संख्या म्हणजे समता असे मानता येत नाही; कारण ती काही अंशी स्त्रीशिक्षणाच्या प्रसारामुळे, तर काही अंशी ‘कला ही मुलींची शाखा’ या समजुतीमुळे वाढलेली आहे.

साचेबंद प्रतिमेचे स्वरूप : छापखान्यात जुळवलेल्या खिळ्यांवरून एकच ओतीव पाट तयार करून त्यावरून हजारो प्रती छापण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात रूढ झाली. या पाटाला असलेले नाव अमेरिकन लेखक व पत्रकार वॉल्टर लिपमन (१८८९–१९७४) यांनी १९२२ मध्ये सामाजिक विचारात आणले. प्रत्यक्ष अनुभव येण्यापूर्वीच मनात तयार असलेले व व्यक्तिव्यक्तींतील भेद पुसून टाकणारे चित्र, असा त्याचा अर्थ आहे. अशा प्रतिमा सर्वस्वी खोट्या असतातच असे नाही. त्यांच्या मुळाशी पुष्कळदा एखादी खरी वस्तुस्थिती असते. परंतु परिस्थितीने घडलेली गोष्ट त्या स्वभावसिद्ध म्हणून मांडतात. मुलींना कला शाखेत धाडले जाते, ही परिस्थिती आहे. मुलींचा कल कला शाखेकडे असतो, ही प्रतिमा आहे.

समूहातील प्रमाणाचा प्रतिमेवर होणारा परिणाम अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये विशद केला. एखाद्या गटाची संख्या फारच थोडी असेल, तर त्या गटातील प्रत्येक व्यक्ती संपूर्ण गटाची प्रतिनिधी समजली जाते. तिच्याकडे सर्वांचे लक्ष असते, तिचे अपयश गटाचे ठरते आणि यश मात्र अपवाद म्हणून गणले जाते. महाविद्यालयात पहिल्यांदा आलेल्या स्त्रियांना हा अनुभव आला. आज साहित्य किंवा मानसशास्त्र यांच्या वर्गात एकटादुकटा असलेल्या विद्यार्थ्यालाही त्याचा सौम्य प्रत्यय येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पुण्यात उच्च शिक्षणाची सुरुवात १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेपासून होते. तिचेच पुढे पूना कॉलेज व १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाले. ही सर्व परंपरा पुरुषांची, व तीही आरंभी केवळ ब्राह्मण पुरुषांची होती. जोतीराव फुले (१८२७–९०) व सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा स्त्रियांच्या महाविद्यालयीन शिक्षणाची कल्पनाही समाजात नव्हती. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले व पंडिता रमाबाई यांनी साक्ष दिली. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. मुलींचे हायस्कूल (हुजूरपागा) १८८४ मध्ये न्या. म. गो. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वा. आ. मोडक प्रभृतींच्या प्रयत्नाने निघाले आणि मुलींना महाविद्यालयापर्यंत नेणारी वाट तयार झाली.

डेक्कन कॉलेजातील पहिली विद्यार्थिनी कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) ही होय. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री-पदवीधर. पदवी परीक्षेतील तिच्या यशामुळे इंग्लंडमधील शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळावयास हवी होती. परंतु ती स्त्री असल्यामुळे नाकारण्यात आली. पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांच्या साहाय्याने ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाली व १८९२ मध्ये कायद्याच्या परीक्षेस बसली. स्त्रियांना पदव्या देण्यास त्या विद्यापीठाने १९२० मध्ये सुरुवात केली. महाविद्यालयात प्रवेश मिळणे आणि प्रवेशाबरोबरचे सर्व हक्क मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या पहिल्याच उदाहरणात स्पष्ट झाले.

त्यानंतरच्या काळातही सहशिक्षण हे पुष्कळ अंशी एका छपराखालचे वेगळेपणच होते. मुलींसाठी स्वतंत्र ‘लेडीज रूम’ असे. तास सुरू होताना प्राध्यापकांच्या मागोमाग मुलींनी वर्गात यावे, पुढील ठरावीक बाकांवर बसावे व तास संपताच परत त्या खोलीत जावे, असा प्रघात अनेक महाविद्यालयांत होता. नाट्यप्रयोगांसाठी मुली मिळत नसल्यामुळे किंवा त्यांनी रंगभूमीवर येणे प्रशस्त मानले जात नसल्यामुळे ‘स्त्रीपात्रविरहित’ नाटिका हा एक लेखनप्रकारच मराठीत निर्माण झाला.

एकच शिक्षण की वेगळे शिक्षण : पुण्यातील या वादाच्या तीन भूमिका ठळकपणे सांगता येतात. लोकमान्य टिळक (१८५६–१९२०) यांनी मराठा या इंग्रजी पत्रातून १८८७ मध्ये मुलींच्या हायस्कूलच्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलांसारखे इंग्रजी शिक्षण मुलींच्या गृहजीवनाशी विसंगत आहे, असा त्या टीकेचा रोख होता. याच्या नेमकी उलट भूमिका गो. ग. आगरकर (१८५६–९५) यांची होती. १८८८ मध्ये सुरू झालेल्या सुधारक पत्रात त्यांनी स्त्रियांना व पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे प्रतिपादन केले. १८९२ पासून मृत्यूपर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे (स्थापना १८८५) प्राचार्य होते. त्यांच्या मते, वेगळे शिक्षण हे वेगळ्या दर्जाचे शिक्षण ठरते आणि एकमेकांना न ओळखणारे तरुण-तरुणी पुढे विवेकाने संसार करू शकत नाहीत.

तिसरी भूमिका धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांची. ते १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०७ मध्ये महिला विद्यालय व १९१६ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ, असा त्यांच्या कार्याचा क्रम आहे. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीतून त्यांना या कल्पनेची प्रेरणा मिळाली. मातृभाषेतून शिक्षण, इंग्रजी हा एक विषय आणि गृहजीवनास उपयुक्त विषयांचा समावेश, ही या विद्यापीठाची वैशिष्ट्ये होती. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीनंतर त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. १९३६ मध्ये त्याचे मुख्य कार्यालय मुंबईस गेले व १९५१ मध्ये त्याला वैधानिक मान्यता मिळाली. [⟶ कर्वे, धोंडो केशव, स्त्रीशिक्षण].

कर्वे यांच्या भूमिकेकडे केवळ मवाळ तडजोड म्हणून पाहणे योग्य होणार नाही. ज्या घरांतून मुलगी सहशिक्षणाच्या महाविद्यालयात कधीच गेली नसती, त्या घरांचे दार तिने उघडले. परंतु तिच्याबरोबर स्त्रियांसाठी ‘योग्य’ अशा विषयांची कल्पनाही रुजली, आणि पुढे सहशिक्षणाच्या महाविद्यालयांतही ती टिकून राहिली. ज्या वर्षी महिला विद्यापीठ स्थापन झाले, त्याच १९१६ मध्ये शिक्षण प्रसारक मंडळीने न्यू पूना कॉलेज सुरू केले. १९२६ पासून ते सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नावाने ओळखले जाते. आगरकरांना अभिप्रेत असलेले एकत्र शिक्षण आणि कर्व्यांनी उभारलेले स्वतंत्र शिक्षण असे दोन्ही प्रवाह या शहरात पुढे समांतर वाहत राहिले. इरावती कर्वे (१९०५–७०) यांच्या आयुष्यात ते एकत्र आलेले दिसतात. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान विषयात त्या पदवीधर झाल्या, १९३१ ते ३६ या काळात महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या आणि १९३९ पासून अखेरपर्यंत त्यांनी डेक्कन कॉलेजच्या संशोधनसंस्थेत काम केले.

स्वातंत्र्योत्तर काळात हाच प्रश्न शासकीय समित्यांपुढे आला. विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) स्त्री-पुरुषांच्या शिक्षणात पुष्कळसे समान असले, तरी ते सर्व बाबतींत एकसारखे असण्याची आवश्यकता नाही असे मत दिले. १९६० नंतरच्या दशकातील हंसा मेहता समितीने लिंगभेदावर आधारित वेगळा अभ्यासक्रम नाकारला व कोठारी आयोगाने (१९६४–६६) तिच्याशी सहमती दर्शविली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्यावसायिक अभ्यासक्रमांतील लिंगाधिष्ठित साचे दूर करण्याचे उद्दिष्ट नमूद करण्यात आले. अशा रीतीने धोरणाच्या पातळीवर आगरकरांचा पक्ष मान्य झाला.

साहित्य व लोकव्यवहारातील प्रतिमा : शिकलेल्या स्त्रीविषयीची उपहासात्मक प्रतिमा महाविद्यालयात स्त्रिया येण्यापूर्वीच तयार होती. नारायण बापूजी कानिटकर यांचे तरुणीशिक्षणनाटिका (१८८६) हे प्रहसनात्मक नाटक नवशिक्षित स्त्रीच्या स्वैरपणाचे भाकीत करणारे होते. म्हणजे ज्यांची टवाळी करावयाची, त्या पदवीधर स्त्रिया पुण्यात जवळजवळ नव्हत्याच. पुढे मराठी कथा, नाटक व चित्रपट यांत ‘कॉलेजकुमारी’ हे पात्र स्थिरावले. नटणे, सायकल चालविणे, इंग्रजी शब्द पेरणे व अखेरीस नायकाच्या प्रेमात पडून संसारास लागणे, एवढेच तिचे कार्य असे. ती काय शिकते, याचा उल्लेख क्वचितच येई. याउलट शिकलेल्या स्त्रीच्या अंतर्जीवनाचे चित्र विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१) यांनी कळ्यांचे निःश्वास (१९३३) या कथासंग्रहात रेखाटले. शिक्षण आणि नोकरी यांमुळे अविवाहित राहिलेल्या स्त्रियांची घुसमट त्यात प्रथमच स्पष्टपणे आल्यामुळे मोठी खळबळ माजली व लेखिका कोण याची चर्चा दीर्घकाळ चालली.

महाविद्यालयाच्या आवारातील प्रथाही प्रतिमा घडवितात. वार्षिक स्नेहसंमेलनातील ‘शेलापागोटे’ किंवा ‘फिशपाँड’ हा त्यांपैकी एक प्रकार होय. निनावी चिठ्ठ्यांतून विद्यार्थ्यांना उद्देशून केलेले विनोद व कोट्या त्यात जाहीरपणे वाचून दाखविल्या जातात. विनोदाची परंपरा म्हणून त्याला महत्त्व असले, तरी मुलींचे रूप व पोशाख आणि मुलांचा ‘पुरुषीपणा’ हेच त्याचे नेहमीचे विषय राहिले. विद्यार्थी मंडळात सरचिटणीस (जी. एस.) हे पद बहुधा मुलाकडे, तर विद्यार्थिनी-प्रतिनिधी (एल. आर.) हे पद मुलीकडे, अशी वाटणी अनेक वर्षे चालत आली. महाराष्ट्रात विद्यार्थी मंडळांच्या प्रत्यक्ष निवडणुका १९९० नंतरच्या दशकात बंद झाल्या, तरी ही वाटणी नेमणुकांतही पुष्कळ ठिकाणी टिकली. मुलींना प्रतिनिधित्व मिळाले, पण ते मुलींपुरते, असा याचा अर्थ होतो. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांनी मात्र, विशेषतः पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाने, मुलामुलींना समान कामासाठी एकत्र आणले.

शाखांची उतरंड : दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात १९७५ च्या सुमारास सुरू झाल्यापासून दहावीचे गुण हाच शाखानिवडीचा आधार बनला. ‘सायन्स हुशारांचे, कॉमर्स व्यवहारी लोकांचे आणि आर्ट्‌स उरलेल्यांचे’ ही समजूत त्यातूनच बळावली. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यानंतर या उतरंडीला पैशाची जोड मिळाली. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबात मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी कर्ज काढले जाई आणि मुलीला अनुदानित महाविद्यालयात अल्प शुल्कात बी. ए. करता येई. मुलाचे शिक्षण ही गुंतवणूक व मुलीचे शिक्षण ही स्थळ जुळविण्यासाठीची पात्रता, असा हा हिशेब होता. कला शाखेच्या वर्गात मुलींचे प्रमाण वाढण्यामागे मुलींचे येणे जितके कारणीभूत आहे, तितकेच मुलांचे निघून जाणेही आहे.

ही उतरंड मुलांच्या दृष्टीनेही हानिकारक ठरली. कला शाखा निवडणाऱ्या मुलाला गुण कमी पडले असावेत, असे गृहीत धरले जाते. साहित्य, मानसशास्त्र किंवा संस्कृत यांची मनापासून आवड असलेल्या मुलाला ‘पुढे काय करणार’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. मुलीला तो इतक्या तीव्रतेने विचारला जात नाही, कारण तिच्या मिळकतीची अपेक्षाच कमी ठेवलेली असते. एकच समजूत मुलाला कला शाखेपासून दूर ढकलते व मुलीला तिच्यात अडकवून ठेवते. शाखेच्या आतही विषयांची अशीच वाटणी रूढ आहे : भाषा व मानसशास्त्र मुलींचे, तर राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व इतिहास मुलांचे समजले जातात.

स्वारगेट परिसर : सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर व कोकण या भागांतून राज्य परिवहनाने पुण्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्वारगेट हे प्रमुख उतरण्याचे ठिकाण आहे. टिळक रस्त्यावरील सर परशुरामभाऊ महाविद्यालय येथून जवळ आहे. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे गुलटेकडी येथील आवारही याच परिसरात मोडते. लगतच्या सदाशिव व नवी या पेठांत खोल्या, खानावळी व अभ्यासिका यांची दाट वस्ती आहे.

या परिसरातील कला शाखेचा विद्यार्थिवर्ग स्थूलमानाने तीन प्रकारचा दिसतो. पहिला, शहरात राहणाऱ्या मुलींचा. दुसरा, भोर, सासवड, खेड शिवापूर अशा भागांतून रोज ये-जा करणाऱ्या मुलामुलींचा. तिसरा, स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेल्या ग्रामीण तरुणांचा. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते व इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र या विषयांचा तेथे उपयोग होतो. त्यामुळे कला शाखेकडे पाठ फिरविणारे मुलगे या वाटेने तिच्याकडे परतले. त्यांच्याबरोबर ‘आर्ट्‌सचा मुलगा म्हणजे एमपीएससीवाला’ ही नवी प्रतिमाही रूढ झाली. राज्याच्या १९९४ च्या महिला धोरणानंतर शासकीय सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के आरक्षण आल्यामुळे ग्रामीण भागातील मुलीही मोठ्या संख्येने या वाटेवर आल्या. परीक्षेत यश न आल्यास मुलाला आणखी काही वर्षे मिळतात. मुलीच्या बाबतीत मात्र ही मुदत पुष्कळदा विवाहाच्या वयाने ठरते.

महाविद्यालयाची निवड करताना मुलींना प्रवासाचाही विचार करावा लागतो. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांविषयी गिरिजा बोरकर यांनी केलेल्या अभ्यासात, सुरक्षित वाटेसाठी विद्यार्थिनी गुणवत्तेने बऱ्याच खालच्या दर्जाचे महाविद्यालयही पत्करतात, असे आढळून आले. तालुक्याच्या गावी जवळ व स्वस्त असे जे महाविद्यालय असते, ते बहुधा कला शाखेचेच. त्यामुळे ‘आवड’ म्हणून नोंदली जाणारी निवड ही काही वेळा बसच्या वेळापत्रकाने केलेली असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट बसस्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला, तेव्हा राज्यातील बसस्थानकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. अशा घटनेचा परिणाम तेवढ्यावरच थांबत नाही; मुलीला पुण्यात पाठवावे की नाही, हा प्रश्न अनेक घरांत पुन्हा उपस्थित होतो. राज्य परिवहनाच्या बसमध्ये मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्याची सवलत आहे व सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली. या सोयींचे शैक्षणिक महत्त्व म्हणूनच वाहतुकीपुरते मर्यादित नाही.

वसतिगृहांचे नियम हाही याच प्रश्नाचा एक भाग होय. मुलींच्या वसतिगृहाचे दार लवकर बंद होते व मुलांचे उशिरा, हा प्रघात जुना आहे. ग्रंथालय, नाटकाच्या तालमी, व्याख्याने यांतील मुलींचा सहभाग त्यामुळे आपोआप कमी होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार, सुरक्षिततेचे कारण देऊन विद्यार्थिनींवर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळे जाचक नियम लादता येत नाहीत.

प्रमाण मोजण्याची रीत : समतोलाविषयीचे आकडे कशाचे आहेत, हे पाहिल्याखेरीज त्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात सु. ४·३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांपैकी स्त्रिया सु. २·०७ कोटी, म्हणजे निम्म्याहून कमी होत्या. त्याच वर्षी स्त्रियांचे स्थूल नोंदणी प्रमाण २८·५ व पुरुषांचे २८·३ होते आणि या दोहोंच्या भागाकाराने येणारा लिंग समता निर्देशांक १·०१ होता. वरवर विसंगत वाटणाऱ्या या आकड्यांचे स्पष्टीकरण असे की, नोंदणी प्रमाण हे १८ ते २३ या वयोगटातील लोकसंख्येशी काढले जाते आणि त्या लोकसंख्येतच मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी आहे. जन्मण्यापूर्वीच किंवा बालपणीच घटलेल्या मुलींची गणना निर्देशांकात होत नाही.

दुसरी गोष्ट शाखावार विभागणीची. २०१८-१९ च्या सर्वेक्षणात बी. ए. च्या विद्यार्थ्यांत स्त्रियांचे प्रमाण सु. ५३ टक्के होते. अभियांत्रिकी व तंत्रविद्येच्या पदवी अभ्यासक्रमांत मात्र ते ३० टक्क्यांच्या आत राहिले आहे. एकूण बेरजेत दिसणारा समतोल हा दोन असमतोलांच्या मिळणीतून तयार होतो. तिसरी गोष्ट पदवीनंतरची. महाविद्यालयीन शिक्षकांत २०२१-२२ मध्ये स्त्रिया सु. ४३ टक्के होत्या. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग ४१·७ टक्के, तर पुरुषांचा ७८·८ टक्के होता. वर्गातील समतोल व्यवसायात पोहोचेपर्यंत बराचसा गळून गेलेला असतो.

अन्य देशांतही काही अंशी असाच अनुभव आहे. अमेरिकेतील ओबर्लिन महाविद्यालयाने १८३७ मध्ये स्त्रियांना पुरुषांबरोबर पदवी अभ्यासक्रमात प्रवेश दिला. व्हासार या स्त्रियांच्या महाविद्यालयाने १९६९ मध्ये पुरुषांना आणि ॲम्हर्स्ट या पुरुषांच्या महाविद्यालयाने १९७५ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला. १९८० च्या सुमारास तेथील पदवी विद्यार्थ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली. तेथेही अभियांत्रिकी व संगणकशास्त्र यांत स्त्रियांचे प्रमाण कमीच राहिले.

अलीकडील प्रवाह : स्त्रियांच्या प्रश्नांचा विद्यापीठीय विषय म्हणून अभ्यास प्रथम श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने सुरू झाला. पुणे विद्यापीठाच्या (स्थापना १९४९, २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी जात व लिंगभाव यांचा एकत्र विचार करण्यावर भर दिला. कला शाखेतील ‘मुली’ हा एकसंध वर्ग नाही. पेठेत वाढलेली मुलगी, वस्तीतून येणारी दलित मुलगी आणि एस. टी. ने येणारी शेतकऱ्याची मुलगी यांच्यापुढील अडचणी वेगळ्या आहेत, हे या अभ्यासामुळे स्पष्ट झाले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे विवाहामुळे शिक्षण सुटलेल्या स्त्रियांनाही पदवीची वाट मोकळी झाली.

एकविसाव्या शतकात पुण्यात ‘लिबरल आर्ट्‌स’ या नावाने नव्या संस्था निघाल्या. सिंबायोसिसची अशी संस्था २०११ मध्ये सुरू झाली. विषय बव्हंशी जुनेच असले, तरी अनुदानित महाविद्यालयाच्या अनेक पटींनी असलेले शुल्क, इंग्रजी माध्यम व आंतरविद्याशाखीय रचना यांमुळे तेथील कला शिक्षणाला ‘उरलेल्यांचे शिक्षण’ म्हटले जात नाही. शाखेची प्रतिष्ठा विषयांवर कमी व ती शिकणाऱ्यांच्या सामाजिक स्थानावर अधिक अवलंबून असते, हे यावरून दिसते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील कडक भिंती शिथिल करण्याचे योजिले आहे. राज्य शासनाने २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. ज्या मुली केवळ खर्चामुळे कला शाखेकडे वळत होत्या, त्यांची निवड या सवलतीमुळे बदलण्याचा संभव आहे. तसे झाल्यास कला शाखेतील विद्यार्थिनींचे प्रमाण घटेल; परंतु ती घट समतेची पीछेहाट ठरणार नाही. मुलगा व मुलगी या दोघांनाही कोणतीही शाखा संकोचाशिवाय, सारख्या खर्चात व सारख्या अपेक्षेने निवडता येणे, हीच या विषयातील समतोलाची खरी कसोटी होय.